गाडी नसलेल्या बाईची शपथ

कंपनीची बस बंद झाली तेव्हा मी चिडले होते. इतकी वर्षं झाली, अजून चिडतेच.

बडोद्याबाहेर, सावली गावाच्या बाजूला आमचा रंगांचा कारखाना होता, मी तिथे केमिस्ट. सकाळी दांडिया बाजारच्या नाक्यावर बस यायची. शेजारच्या सीटवर हिशेबखात्यातली माझी मैत्रीण, नागरवाड्यातली. तिचे थेपले, माझी साबुदाण्याची खिचडी, आणि कारखाना येईपर्यंत साहेबांची यथेच्छ निंदा.

मग गाड्यांसाठी कर्जं मिळायला लागली आणि बसमध्ये बसणं एकाएकी कमीपणाचं झालं. एकेक सीट रिकामी झाली. मैत्रिणीनेही गाडी घेतली. माझा एक डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. बस बंद होणार कळल्यावर मी मॅनेजरकडे गेले.

"हवे बसमां कोण बेसे छे, बेन?"

"मी बसते की."

"एक जण माटे बस ना चाले."

एका माणसासाठी बस चालत नव्हती; एका माणसासाठी एक अख्खी मोटार मात्र रोज बडोद्याहून येत होती. हे मी त्यांना ऐकवलं. ते हसले आणि फोन उचलला.

त्यानंतर मी एसटीने फाट्यापर्यंत जायची आणि तिथून ट्रकांचा धूर खात चालत. उशीर व्हायचाच. पुन्हा उशीर झाला तर नोकरीचा विचार करावा लागेल, अशी तंबीही मिळाली.

त्याच सुमाराला परदेशी गिऱ्हाइकांनी विचारलं, कार्बन कमी करण्यासाठी तुम्ही काय करता? झालं, कंपनीला पर्यावरणाचा पुळका आला. भिंतीभिंतीवर पोस्टरं लागली. महिन्यातून एक दिवस आवारात गाडी आणायची नाही, असं ठरलं. त्या दिवशी ड्रायव्हर साहेबांना गेटवर सोडत, रिकामी गाडी बडोद्याला नेत आणि संध्याकाळी रिकामीच परत आणत. फेऱ्या दुप्पट झाल्या, पण मोकळ्या आवाराचा फोटो फार छान आला!

पर्यावरण दिनाला मॅनेजरनी मला पुढे केलं. "तमारी पासे गाडी नथी, शपथ तमे ज लेवडावो." एकट्यासाठी गाडी काढणार नाही, असं मी माइकवर म्हटलं आणि सगळ्यांनी हात पुढे करून माझ्यामागून म्हटलं. पहिल्या रांगेत मैत्रीण होती.

संध्याकाळी मी गेटबाहेर उभी होते. गाड्या एकामागून एक गेल्या, प्रत्येकीत एकच माणूस. मैत्रिणीने तेवढी काच खाली केली. "अगं, सोडलं असतं तुला, पण आज मला पार दुसऱ्या टोकाला, गोत्रीला जायचंय." एसी चालू होता, म्हणून तिने काच लगेच वर घेतली. मला रडू आलं, रागानेच.

पुढच्या आठवड्यात पुन्हा उशीर झाला आणि काढून टाकण्याआधी मीच राजीनामा दिला. कारण लिहिलं : कामावर यायला वाहन नाही. मॅनेजरनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. परदेशी पाहुणे तपासणीला येणार होते.

"घरगुती कारण लखो ने, बेन."

मी भांडले. पण अनुभवाचा दाखला त्यांच्याच हातात होता. शेवटी लिहिलं.

बडोद्यातले आमचे नातेवाईक अजून लग्नाकार्यात माझं कौतुक करतात. घरासाठी एवढी चांगली नोकरी सोडली म्हणे हिने.