राजदूत साहेबांचा पहिला नकार

परदेशात राजदूत म्हणून डोक्याचे केस पांढरे झाल्यावर साहेब निवडणुकीला उभे राहिले आणि चक्क निवडून आले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. तिथे 'विचार करू' म्हणायचं आणि हसून हात मिळवायचा. बायको म्हणायची, "तुम्ही भाजीवाल्याशीसुद्धा तह करायला निघाल्यासारखे बोलता!"

मतदारसंघातल्या पहिल्याच सभेत नदीकाठची एक शिंपीण उठली. "साहेब, पूल होणार की नाही? तुमच्या आधीचे दोघं 'बघू, बघू' करत गेले."

'सकारात्मक विचार चालू आहे' हे वाक्य साहेबांच्या अगदी जिभेवर आलं. पण काठाची माती खांब धरणार नाही, हे इंजिनिअरने त्यांना सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं.

"नाही होणार, ताई. तिथे पूल टिकणारच नाही."

शेजारच्या कार्यकर्त्याने कपाळाला हात लावला.

"सुटले बाई!" शिंपीण म्हणाली. "पुलाच्या आशेवर इतकी वर्षं काठावर दुकान धरून बसले. आता बाजारात हलवते. निदान होडी तरी वेळेवर सुटू द्या."

"ते माझ्याकडे लागलं," साहेब म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बायकोशेजारी बसल्यावर त्यांनी कॉलरचं बटण सोडलं. "अगं, मला वाटलं, आता दगड येतात!"

"मलाही," बायको हसली. "आता कसं वाटतंय?"

"कडकडून भूक लागलीय."