काय बदललंस?

यंत्र बिघडलं म्हणून कुणी टेस्टरकाकांकडे गेलं, की ते आधी एकच विचारायचे, "काय बदललंस?" मिक्सर असो, इन्व्हर्टर असो, कॉम्प्युटर असो. यंत्र आपणहून रुसत नाही, आधी माणूस काहीतरी करतो, असं त्यांचं म्हणणं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लाइन टेस्टर असायचा, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. नाव त्यावरूनच पडलं.

वडिलांचे ते मित्र. ठाकुर्लीला एकटेच राहायचे. निवृत्तीनंतर ओळखीच्यांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा नाद लागला. नौपाड्याच्या घरी माझ्यासाठी जोडला तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. "हा नीट चालला तर हात अजून कामाचा आहे म्हणायचं," असं हसत म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

आठवडाभरात तो मधेच बंद पडायला लागला. निळा पडदा यायचा, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. काका आले. तोच प्रश्न. मी म्हणालो, "काही नाही, काका."

हे खोटं होतं. ऑफिसातल्या एकाने चिडवलेलं, एवढी वेगवान रॅम घेतलीस आणि बैलगाडीसारखी चालवतोस? बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर, एक सेटिंग चालू केलं की पळते. काकांनी मात्र बजावलं होतं, आधी महिनाभर सरळ चालू दे, मग पळव. मी दुसऱ्याच दिवशी चालू केलं. काका यायच्या आधी बंद करायचो, गेले की पुन्हा चालू. त्यामुळेच पडतोय असं मला खरंच वाटत नव्हतं. ओरडा नको, इतकंच. पन्नाशीला आलेला माणूस मी.

काका रविवारी यायचे. रॅमची पट्टी काढून टोकं खोडरबराने पुसायची, दुसऱ्या खाचेत बसवायची, टेस्ट लावून चहा घेत बसायचं. टेस्ट दरवेळी पास. ते घरी पोचेपर्यंत माझा फोन, पुन्हा पडला. एका रविवारी पट्टी बसवताना हात खाचेवर नुसता नाचला. डाव्या हाताने उजवा धरून त्यांनी ती बसवली. मग खिशातला टेस्टर माझ्या टेबलावर ठेवला. "राहू दे तुझ्याकडे. बसवताना मीच काहीतरी मोडलंय."

टेबलावरचा तो टेस्टर काही दिवस बघितला, मग फोन करून सगळं सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "येतो."

रागावले असते तर बरं झालं असतं. "चालू कर ते," म्हणाले. केलं. थोड्या वेळाने पडला. "आता बंद कर." दुपारभर बसले, एकदाही पडला नाही. "परत चालू कर." परत पडला. बोलावला की आला आणि घालवला की गेला, तरच दोष सापडला असं ते मानायचे. कॉम्प्युटर पडताना बघून इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"हाताचा दोष नव्हता," ते म्हणाले. मला नाही, पडद्याला.

निघताना टेस्टर उचलला. टोक खिशाच्या शिवणीला अडत राहिलं. मी पुढे झालो तर म्हणाले, "थांब." स्वतःच टाकला.

एक मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या रविवारांच्या दिवसांत मी चार लोकांत बोलून बसलो होतो, काकांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. पुढे कॉम्प्युटर जोडायला त्यांच्याकडे कुणी आलं नाही.

"हल्ली लोक लॅपटॉपच घेतात रे," काका जाईपर्यंत म्हणायचे. मी हो म्हणायचो.