गाडीवरचं नाव काढताना

माया,

तुझ्यावर लिहितेय म्हटलं तर तू म्हणशील, "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं, बाई?" फारसं काही नाही, म्हणूनच लिहितेय. थोर माणसांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्यांचा कंटाळा आलाय.

आपली ओळख तू माझा हात मोडलास तेव्हाची. भोईवाड्यात, वळणावर, सकाळी. मी दूध घेऊन रस्त्याच्या कडेने घरी चालले होते. तू घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतेस, ती पेटी पायाशी ठेवून स्कूटरवरून येत होतीस. हेल्मेटमध्ये कानाशी फोन कोंबलेला. लॅबमधलं कुणीतरी कुठवर आलीस म्हणून विचारत होतं आणि तू सांगत होतीस. बाकी मला आठवतं ते रस्त्यावर सांडलेलं दूध. तू आधी मला उचललंस, मग पेटी उघडून बाटल्या पाहिल्यास. हा क्रम मी ध्यानात ठेवला.

पोलिसांना मी झालं ते सांगितलं, फोनसुद्धा सांगितला. शेजारच्या वैशालीचं म्हणणं, गरीब बाई आहे, मिटवून टाकायचं होतं. का मिटवायचं? मनगट माझं मोडलं होतं. पण कागद मागितले तेव्हा गाडीचा विमाच नाही असं निघालं, आणि तू नुसती उभी राहिलीस. खोटं बोलली नाहीस, रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मिस्टरांचा मेसेज यायचा." गाडी तुझ्या नवऱ्याच्या, सिद्धार्थच्या नावावर होती. विमा संपत आला की त्याच्या फोनवर मेसेज यायचा आणि तो पैसे भरायचा. तो काविळीने गेला, पुढे फोनही बंद केलात. मेसेज येतच असणार. कुठे जात होते कोण जाणे.

कोर्टात दंड झाला. लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित. लॅबच्या साहेबाने सांगितलं, तीन महिने जागा ठेवतो. तोवर पायी कर, पण नंतर लायसन्स आणि विमा दोन्ही दाखव, नाहीतर तुझा भाग दुसऱ्याला. मग तू पायी करायला लागलीस. नायगावच्या चाळीतून निघायचं, परळ, लालबाग, परत परळ. खांद्याला बर्फाची पेटी. उपाशी बसलेले मधुमेहाचे म्हातारे तुझ्या नावाने खडे फोडायचे, कारण सातची बाई नऊला यायची. त्यांच्यात मीही होते. हाताच्या ऑपरेशननंतर माझं रक्त घ्यायला लॅबने नेमकं तुलाच पाठवलं. तू दारात येऊन म्हणालीस, "दुसरीला पाठवू का?" मी म्हटलं, आत ये, चहा थांबलाय माझा.

सुई तू चांगली टोचतेस. माणूस म्हणून बडबडी नाहीस, हेही बरं. पण तिसऱ्या खेपेला तू बसलीस ती उठेचना. पायाला फोड आले होते. तेव्हा कळलं की लायसन्सचं काय, महिने सरले की मिळेल. अडलं होतं विम्यावर.

दादरच्या विमा कचेरीत तुला सांगितलं की गाडीचा मालक हयात नाही, तर वारसांची संमती आणा, मग तुमच्या नावाने पॉलिसी देतो आणि गाडीच्या आरसी पुस्तकावरचं नाव बदलून घ्या. वारस दोन. एक तू आणि दुसऱ्या तुझ्या सासूबाई, राधाबाई. त्या सही करत नव्हत्या.

प्रफुल्ल नावाचा एजंट तुला सोपी वाट दाखवत होता. मी बरोबर आले, कारण तुझ्या एकटीकडून त्याला नाही म्हणवलं नसतं. मोबाइल पुढे करून तो म्हणाला, जुन्याच नावाने दहा मिनिटांत थर्ड पार्टी विमा काढून देतो, मालक जिवंत आहे का ते कुणी विचारत नाही.

मी विचारलं, "उद्या हिने कुणाला पाडलं तर?"

"तेव्हा विचारतील," तो म्हणाला.

"थर्ड पार्टी म्हणजे कोण, ठाऊक आहे का तुम्हाला? मी." आणि स्क्रू घातलेला हात त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने मोबाइल खिशात घातला. बाहेर आल्यावर तू हसलीस. त्या तीन महिन्यांत तेवढीच एकदा हसलेली पाहिली मी तुला.

मग राधाबाईंकडे. तुमच्या खोलीत मी पहिल्यांदाच आले. राधाबाईंनी जय भीम केला, मीही केला, पाणी आलं. मी मुद्द्यावर आले, मला दुसरं येत नाही. पुस्तकावर मायाचं नाव लागलं तर तिचं काम टिकेल, नाहीतर जाईल.

राधाबाई माझ्याकडे न बघता तुलाच म्हणाल्या, "लाइटबिलावरचं काढलं. रेशनकार्डावरचं काढलं. खोलीवरचंही काढलं. आता गाडीवरचं काढा. लोकांची पोरं आईबापाचं नाव काढतात. आमच्या सुनेनं नवऱ्याचं काढलं."

मी शिकलेली बाई, मला चार युक्तिवाद सुचत होते. एकही कामाचा नव्हता. 'काढणं' हा शब्द असा दोन्ही बाजूंनी कापतो हे मी आयुष्यभर मराठी बोलून कधी लक्षात घेतलं नव्हतं. मला राग आला तुझा. बोल की बाई, मीच किती बोलू?

आणि मग तू बोललीस, भिंतीकडे बघत. "कोर्टात त्यांचं नाव पुकारलं, आई. मालक म्हणून. आधी माझं नाही, त्यांचं. दोनदा पुकारलं. मी उठून सांगितलं, ते नाहीत. मग तिसऱ्यांदा माझं पुकारलं."

राधाबाईंना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, मी त्या दिवशी हाताच्या दुखण्याने घरी होते. बाहेर नळावर कुणाचं तरी भांडण चाललं होतं, ते सगळं ऐकू आलं.

"पोलिसाच्या तोंडी त्याचं नाव," राधाबाई म्हणाल्या. "माझा पोरगा सिग्नलसुद्धा तोडायचा नाही." मग हात पुढे केला. "आण. कुठं करायची?"

सही त्यांनी सावकाश केली. प्रत्येक अक्षरावर थांबत. त्यातही आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

पुढचं सगळं नुसतं कंटाळवाणं. प्रतिज्ञापत्र, मयताचा दाखला, त्याच्या प्रती, प्रतींवर सह्या. निलंबन संपल्यावर तुला रस्ता सुरक्षेच्या वर्गात बसवलं, तिथे बाकीची सगळी कॉलेजची पोरं. तू सांगितलंस की एक जण तुला बाईच समजला, म्हणजे शिकवणारी. लायसन्स परत मिळालं, विमा तुझ्या नावाने निघाला. पुस्तक म्हणजे आता कार्डच; ते बदलायला टाकलं तेव्हा सिद्धार्थच्या नावाचं जुनं कार्ड आरटीओच्या खिडकीत जमा केलंस. साहेबाने भाग तुझाच ठेवला. निम्मी घरं मात्र तोवर दुसऱ्या लॅबकडे गेली होती, ती गेलीच. आता तू फोन पेटीत ठेवतेस. वाजू दे वाजला तर.

नवं कार्ड घरी आलं त्या दिवशी राधाबाईंनी विचारलं, "जुनं कुठाय?" तुला सांगावं लागलं की ते तिकडेच राहिलं. त्यांना तेच हवं होतं. नुसतं ठेवायला. आता रद्दच झालं असेल तर द्यायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि मला तरी ते चूक वाटत नाही.

खिडकीत अर्ज देऊन विचारून बघू असं आपलं ठरलं. देतील की नाही, कुणास ठाऊक. अर्ज मी लिहिणार, तू मला स्कूटरवर मागे बसवून नेणार. मी बसेन म्हटलं होतं. मग तुझा लालबागचा भाग वाढला. मग माझा गुडघा. मग नुसतंच, या सोमवारी नको, पुढच्या. तू रक्त घेऊन जाताना दारात म्हणायचीस, "बाई, त्या कार्डाचं राहिलंच." मी म्हणायची, राहिलं.

राधाबाई अजून जुन्या कार्डाचं विचारतात का, ते मी तुला विचारत नाही.