धाडची सोनारीण

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे सोनारीण म्हणत. अंगावर सोन्याचा एक मणी नव्हता, कानही मोकळेच असायचे, पण तिचा सगळा दिवस सोन्यात जायचा. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून उकळायचा, त्यात दुसरा एक क्षार टाकायचा, आणि ते पिवळसर पाणी आधी काळपट आणि मग डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होईपर्यंत नजर न हलवता बघत बसायचं. त्या लाल पाण्यात सोन्याचे कण तरंगत असत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. या कणांनी शरीरातली कॅन्सरची गाठ हुडकावी, तिच्यावर जाऊन बसावं आणि स्कॅनमध्ये ती गाठ उजळून दिसावी, एवढ्यासाठी तिची नऊ वर्षं गेली होती. चंबू तापत असला की ती त्याच्याशी बोलायची. "हो ना बे लाल. किती वाट पाह्याले लावतं?"

पुण्यातल्या त्या इमारतीत असं कोणी बोलत नसे. मी तर नाहीच. अमडापूरहून येताना मी 'मले' आणि 'तुले' घरीच ठेवून आले होते. प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच दुपारी तिने मला विचारलं, "कुठली तू?"

"बुलढाणा."

"जिल्हा नाही विचारला. गाव सांग."

गाव सांगितलं तशी तिने डबा माझ्याकडे सरकवला. "मंग 'मला भूक नाहीये' काऊन म्हनतं वं? मी धाडची हावो. जेव."

धाड म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं गाव. डब्यात ज्वारीची भाकरी आणि झुणका होता. घर सोडल्यापासून तीन आठवडे मी पोटभर जेवले नव्हते, हे तिने कशावरून ओळखलं ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून चार वर्षं आम्ही दोघी एकाच डब्यात जेवलो.

तिचं घर भाजीपाल्याचं. वडील लवकर गेले. आई मळा सांभाळायची आणि धाडच्या बाजारात स्वतः दुकान मांडून बसायची. "माळ्याची पोर सोनारीन झाली," असं म्हणून आई हसायची. मळ्यातला एक नियम मात्र सोनारणीने प्रयोगशाळेतही सोडला नव्हता. एका वाफ्यावरून बियाण्याला चांगलं म्हणायचं नाही. ती म्हणायची, "एकदा झालं त योगायोग. दुसऱ्यांदा झालं त नशीब. तिसऱ्यांदा झालं त लिहून ठेव."

या नियमानेच तिचं नुकसान केलं. एका सकाळी एका उंदराच्या स्कॅनमध्ये गाठ अशी उजळली की आम्ही सगळे पडद्यापुढून हललो नाही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी त्याच दिवशी लेख लिहायला घ्यायला सांगितलं. तिने प्रयोग पुन्हा केला, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा सोनं गाठीकडे गेलंच नाही, सगळं यकृतात जाऊन बसलं. सर म्हणाले, पहिलं चित्र खरं आहे ना, मग तेवढंच देऊ. ती उभी राहिली. "सर, चित्र खरं आहे. पण ते एकाच उंदराचं आहे. उद्या कोणी बाई या चित्राच्या भरवशावर मशीनमध्ये झोपली, तर तिला मी काय सांगू?"

लेख गेला नाही. तिच्या शिष्यवृत्तीला मुदतवाढही मिळाली नाही. तिने तक्रार केली नाही. काचेची भांडी मात्र त्या आठवड्यात तिने रोज घासली, स्वच्छ होती तरी.

त्या दिवाळीला तिने मला धाडला नेलं. बाजाराचा दिवस होता. आईच्या शेजारी कोथिंबीर विकणाऱ्या सिंधूकाकू तिला पाहताच उठल्या आणि तिला रसवंतीच्या मागे घेऊन गेल्या. मीही गेले. काकूंनी पिशवीतून तपासणीचा मोठा लिफाफा काढला. छातीची गाठ वर्षभर अंगावर काढली होती, आता ती हाडापर्यंत पोचली होती.

"तू याचंच काम करतं ना, बाई," काकू म्हणाल्या. "तुह्या सोन्यानं बरी होईन का मी?"

सोनारणीने लिफाफ्यातली फिल्म उन्हात धरली. मग म्हणाली, "नाही काकू. माह्याकडं दवा नाही. गाठ कुठी हाये थे दाखवायचं काम हाये माहं, अन् थेबी अजून उंदरालेच."

खोटा धीर तिने दिला नाही. दुसऱ्या दिवशी जीप करून काकूंना बुलढाण्याला नेलं, डॉक्टरांशी बोलली, नंतर पुण्याहून दर आठवड्याला फोन करत राहिली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी काकू गेल्या.

ते कळल्यावर ती प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन बसली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "त्यायले मी दर दिवाळीले भेटत होती. उंदरायचे स्कॅन तीन-तीन खेपा केले. काकूले एकदाबी विचारलं नाही, तब्येत कशी हाये म्हून."

पावसाळ्याच्या तोंडावर ती परदेशात गेली. तिथे एका प्रयोगशाळेत शरीरात साठून न राहता लघवीवाटे निघून जातील असे आणखी बारीक कण करत होते. निघताना तिने फसलेल्या प्रयोगांच्या सगळ्या वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "माह्या मायले भेटत जाजो."

आधी फोन दर रविवारी यायचा. मग महिन्याने. आता कधीतरी येतो, आणि तिच्या बोलण्यात 'मला' येऊ लागलं आहे. त्या वह्यांच्या आधारावर माझं काम उभं आहे. कण अजूनही दवाखान्यापर्यंत पोचलेले नाहीत. नवी मुलं एखादं सुंदर चित्र घेऊन धावत येतात तेव्हा मी "आणखी दोनदा करा" म्हणते, आणि दाराकडे बघते. पाच वर्षं झाली, तरी बघते.

मागच्या हिवाळ्यात धाडच्या बाजाराला गेले. आई मेथी, वांगी मांडून बसली होती. एक तरुण बाई भाजी घेत होती. मेथीची जुडी तिच्या पिशवीत टाकता टाकता आईने आवाज खाली आणून विचारलं, "छातीत गाठगिठ लागते का हाताले?" बाई लाजली. "लाजू नको. लागली त बुलढान्याले जाजो, घरी बसजो नको. माही पोरगी सांगते दर फोनले, सगळ्यायले विचार म्हून."

बाई गेल्यावर आई माझ्याकडे वळली. "चांगली हाये म्हनते फोनवर. तुले काय वाटते, चांगली हाये का?"

मी खाली वाकून एक सुटलेली जुडी उचलली. आईने पोतं थोडं सरकवून जागा केली. "बस."

मी बसले. बाजार उठेपर्यंत आम्ही दोघी मेथी निवडून जुड्या बांधत राहिलो.