सेतीमाया मोक्तानची गाडी

दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगच्या बाजारात सेतीमाया मोक्तानचं चहाचं दुकान. मागच्या गोठ्यात एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला तिच्या नवऱ्याची लँडरोव्हर. एकोणीस वर्षांत गाई तीन बदलल्या, गाडी जागची हलली नाही.

नवरा कर्णबहादूर तापाने गेला, तेव्हापासून गाडी उभीच होती. त्याआधी अकरा वर्षं सेतीमाया त्याच्या शेजारी बसून प्रवाशांसोबत संदकफूच्या डोंगरावर खेपा करायची. चढावर गाडी मागे सरली की उडी मारून चाकाखाली दगड लावायचा, हे तिचं काम. गाडी कुठे कण्हते, कुठे कुरकुरते, ते तिला बसल्या जागी कळायचं. पण चालवायला कधी मिळाली नाही. "हे स्टिअरिंग बायकांच्या हाताला जड," असं कर्णबहादूर म्हणायचा. पन्नाशी उलटल्यावर तिने भाच्याच्या जीपवर हात बसवला, लायसन काढलं आणि पुन्हा चहा ओतत बसली.

मग फाल्गुनात चालक समितीची नोटीस लागली. दहा दिवसांनी, शनिवारी, जी जुनी गाडी स्वतःच्या इंजिनावर तपासणीच्या रांगेत येणार नाही, तिचा संदकफूच्या खेपांतला नंबर कायमचा कटणार.

समितीचा सेक्रेटरी दावा थिंग चहा प्यायला आला. "दिदी, आता नाद सोडा. त्या गाडीत उंदीरसुद्धा राहायला राजी नाहीत."

"राहतात की! चार पिढ्या झाल्या," सेतीमाया म्हणाली. "चहा घे, निवतोय."

तो गेला तशी तिने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तडक फुर्बा शेर्पाचं घर गाठलं. फुर्बा कर्णबहादूरचा चेला, बासष्ट वर्षांचा मिस्त्री. तिला भाउज्यू, म्हणजे वहिनी, म्हणायचा आणि सख्ख्या वहिनीसारखंच मानायचा. तीन वर्षांपूर्वी कान गेले आणि त्याने पाना खाली ठेवला.

"इंजिन ऐकूच येत नाही, भाउज्यू. बहिरा मिस्त्री काय कामाचा?"

"हात तुझे, कान माझे!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

फुर्बाने बॉनेट उघडलं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं भलंमोठं घरटं, गवत आणि लोकरीचं. पुढून लोखंडी हँडल लावून इंजिन फिरवायला गेला, तर ते दगडासारखं घट्ट. आत पिस्टन चिकटले होते. "जोर केला तर मोडेल," तो म्हणाला. त्याने चारही प्लग काढले, भोकांतून रॉकेल आणि पातळ तेल ओतलं. "आता वाट बघायची."

वाट बघणं सेतीमायाला कुठलं जमायला! सकाळी धार काढली की हँडलला हात, संध्याकाळी धार काढली की हँडलला हात. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी हँडल बोटभर सरकलं. दुधाची बादली तिथेच टाकून ती भर बाजारातून धावत सुटली. "हललं! फुर्बा, हललं!" ऐकायला फुर्बाला काय येणार, पण तिचा चेहरा बघून तो अर्धा खाल्लेला मोमो हातात घेऊनच निघाला.

पुढचे दोन दिवस दोघांना जेवणाची शुद्ध नव्हती. कार्बोरेटर धुतला. पॉइंट घासले. तेल बदललं, ब्रेक सोडवले, बॅटरी आणि टायर भाच्याकडून उसने आणले. टाकी गंजली होती, म्हणून डब्याला नळी लावून पेट्रोल दिलं. शुक्रवारी दुपारी गोठ्याच्या तोंडाशी अर्धा बाजार जमला.

"अंगठा आत घेऊ नका, भाउज्यू. हँडल उलटं फिरलं तर मनगट जाईल."

तिने पदर खोचला. एक झटका, दोन, पाच. सातव्या झटक्याला इंजिन खोकलं, थुंकलं आणि धडधडायला लागलं. निळसर धुराने गोठा भरला, गाय दावं तोडून बाहेर पळाली, लोक ओरडायला लागले. फुर्बा बॉनेटवर तळहात टेकून लहान पोरासारखा हसत होता.

सेतीमाया मात्र हसली नाही. तिने तीन बोटं वर केली. चार सिलिंडरपैकी तीनच बोलत होते.

फुर्बाने एकेका प्लगची वायर काढायला सुरुवात केली. आवाज बदलला की ती हात वर करायची. पहिला, हात वर. दुसरा, वर. तिसरा, वर. चौथ्याची वायर निघाली, आवाज तसाच, तिचा हात खालीच.

"व्हॉल्व्ह अडकलाय," फुर्बा म्हणाला. इंजिन बंद करून झाकण काढलं, तेल सोडलं, लाकडी दांड्याने हलके हलके ठोके दिले. तासाभराने खटकन व्हॉल्व्ह सुटला. पुन्हा हँडल. या वेळी तिसऱ्याच झटक्याला गाडी जागी झाली. सेतीमायाने डोळे मिटून ऐकलं आणि फुर्बासमोर चार बोटं नाचवली.

शनिवारी सकाळी ती स्वतः गाडी चालवत रांगेत आली. दावा थिंगने गाडीच्या मागे वाकून पाहिलं. "ढकलत तर नाही ना आणली?"

"बॉनेटला हात लावून बघ. फोड आला तर मलम माझ्याकडे आहे."

त्याने नंबर लिहून घेतला. मग नावापाशी अडला. "चालक कोण लिहू?"

"अक्षर नीट काढ," ती म्हणाली, "सेतीमाया मोक्तान."

फुर्बा शेजारी चढून बसला. तिने पहिला गिअर टाकला आणि गाडी वरच्या चित्रे गावाच्या उभ्या चढाला लावली. पहिलं वळण तिने हळूहळू काढलं. दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग खरंच जड लागलं, खांदे भरून आले. तिसऱ्या वळणावर धुकं बाजूला झालं, लालभडक गुराँसच्या फुलांनी भरलेला उतार समोर आला आणि ती मोठमोठ्याने गायला लागली. सूर भयंकर होता. फुर्बाचं नशीब, त्याला ऐकू येत नव्हतं.