चौथ्या गुरूंची दाढी

फ्रेमवाल्याच्या दुकानात देव, नवरा-नवरी आणि मेलेली माणसं एकाच भिंतीला टेकून काचेची वाट बघत उभी असत. भेदभाव नव्हता, ज्याचा नातेवाईक जास्त कटकट्या, त्याचा नंबर आधी.

फ्रेमवाल्याची साठी उलटली तरी आई त्याला ‘बाळ्या’च म्हणे. ती दुकानामागच्या खोलीत खाटेला खिळलेली. एका सकाळी म्हणाली, “तुझ्या बाबांचा चेहराच आठवेना झालाय रे. तो फोटो काढ की.”

“आता कशाला?”

“अरे, तिकडे गेल्यावर ओळखू कसं? भलत्याच्याच मागून चालायला लागले म्हणजे?”

तो हसला. बाबांचा फोटो एकच होता आणि तो त्याने स्वतःच्या हाताने कापला होता.

तीस वर्षांपूर्वी योगमठाने त्याला गुरुपरंपरेची तसबीर करायला सांगितली होती. सात गुरू, एक चौकट. सहांचे फोटो नाहीतर जुनी चित्रं मिळाली. चौथे मात्र जन्मभर गुहेत बसलेले. त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हाचे स्वामी म्हणाले, “साखळीतली कडी गळता कामा नये. ध्यान लावा, चेहरा दिसेल.” त्याने ध्यान लावलं; लागली ती डुलकी. तसबीर दुसऱ्या दिवशी द्यायची होती. शेवटी त्याने बाबांचा चेहरा कापून चिकटवला, वर जटा काढल्या आणि खाली छातीपर्यंत दाढी. बाबा गोदामात मुकादम होते. सकाळच्या चहाआधी त्यांना एक शिवी लागे, ती बहुधा आईला मिळे. आईने फोटो कधी मागितला नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आता मठात चौथ्या गुरूंचा महिमा सगळ्यांत मोठा. ते भक्तांच्या स्वप्नात येत आणि हुबेहूब तसबिरीतल्यासारखेच दिसत!

तो मठात गेला. “काच धुरकटलीय, बदलून आणतो,” म्हणाला.

“उद्या सकाळी परत हवी हं,” सेवेकरी म्हणाला. “चौथे महाराज डोळ्यांआड झाले की लोकांना चैन पडत नाही.”

घरी आल्यावर त्याने ओल्या कापसाने दाढी पुसायला घेतली. आधी काळा रंग आला, मग पांढरा आणि मग कापसावर हनुवटीच आली. त्याने हात आखडता घेतला, तोवर ओठही गेले होते. तीस वर्षांत दाढीने चेहऱ्यात मुळं धरली होती. उरले दोन डोळे. मग त्याने पुठ्ठ्याला बोटभर रुंदीची खिडकी कापली, तसबिरीवर अशी ठेवली की फक्त डोळे दिसावेत, आणि आईसमोर धरली.

तिने ती नाकापर्यंत ओढली. बराच वेळ बघत राहिली.

“डोळे त्यांच्यासारखे आहेत.”

त्याचा जीव भांड्यात पडला.

“पण हे शांत आहेत रे. त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलंच नाही. कुणीतरी साधू दिसतोय.” तिने हात जोडले. “भला माणूस वाटतो. बाबांचा काढ ना, बाळ्या.”

तेव्हा त्याला आठवलं. भुवयांमधली आठी त्यानेच बारीक ब्रशने पुसली होती. गुरूला आठी शोभत नाही म्हणून.

त्याने पुन्हा दाढी रंगवली, नसलेल्या हनुवटीवर. सकाळी तसबीर मठात टांगली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आई आणखी चार दिवस होती. रोज विचारायची, “सापडला का रे?” तो म्हणायचा, “शोधतोय.” पाचव्या दिवशी तिने विचारलं नाही.

सगळं आटोपल्यावर तो मठात गेला, रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर चौथ्या गुरूंसमोर वाकला आणि हळूच म्हणाला, “बाबा, आई निघालीय. ती तुम्हाला ओळखणार नाही. तुम्हीच हाक मारा. आणि नीट मारा.”

आणखी काही बोलायचं होतं, पण मागून कुणीतरी खांद्याला ढोसलं.

“अहो, सरका की पुढे! महाराज काय तुमच्या एकट्याचे आहेत?”

तो सरकला.