मोराच्या जागी माकड

नरसय्याअण्णा कागदांचा गठ्ठा सोडण्याआधी त्याचा वास घ्यायचे. "वाळवी," म्हणायचे, नाहीतर "घूस". माझ्या पहिल्याच दिवशी खिडकीखालच्या गठ्ठ्याला नाक लावून ते झटकन मागे सरले. "ताई, हे उंदराचं न्हाय. माणसाचं हाय." खरंच होतं. बाहेर लोक भिंतीशी उभे राहत आणि ती ओल पाझरून सरकारी कागदांत उतरे. "सिग्गू लेदू!" अण्णा ओरडले. लाज नाही, असा त्याचा तेलुगूत अर्थ. नंतर तो शब्द मी रोज ऐकला.

मी मालवणकडची, सहावीत शाळा सुटलेली. नवरा गिरणीत लागला म्हणून सोलापुरात आले, आणि दोन वर्षांत तो वारला. धरणग्रस्तांना जमिनी देणाऱ्या सरकारी कचेरीत रेकॉर्डची खोली झाडायला मला तात्पुरतं घेतलं. दर तीन महिन्यांनी नेमणुकीचा नवा हुकूम निघे. तो हातात पडेपर्यंत घास उतरत नसे. अण्णा तिथले रेकॉर्डकीपर. बाकीचे मला "ए बाई" म्हणत. अण्णांनी मला गठ्ठे बांधायला, चिठ्ठ्या लिहायला शिकवलं. "तुमचं अक्षर लई मोठं हाय. असू द्या की. म्हाताऱ्यालाबी वाचता येतंय."

त्या सुमारास धरणात गेलेल्या गावांच्या नोंदी भोकं पाडलेल्या कार्डांवर चढल्या. पुण्याच्या यंत्रात कार्डं घातली की जमीन कुणाला द्यायची त्याची यादी छापून येणार होती. कार्डावर खातेदाराचं नाव इंग्रजीत, गाव मात्र नुसता आकडा. सतरा म्हणजे कुठलं गाव, ते हातानं लिहिलेल्या एकाच वहीत होतं. शिंदे तर गावोगाव. वही गेली तर कुठल्या गावचा शिंदे ते यंत्राच्या बापाला कळलं नसतं.

अण्णांना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या घरी चादरीचे माग. चादरीवरची नक्षी भोकांच्या पुठ्ठ्यांवरूनच उतरते. "कुठला पुठ्ठा कुठल्या नक्षीचा, ते लिहून ठेवलं न्हाय तर मोराच्या जागी माकड येतंय," ते म्हणायचे.

एके दिवशी हेडक्लार्क आला, कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "कार्डं झाली. जुनं सगळं रद्दीत काढा."

"आन् गावांची वही?"

"ती पण. अण्णा, हा काय माग आहे का? तुम्ही आपल्या चादरी विणा."

"विणतोच की. तुमच्यावर पांघरायला," अण्णा म्हणाले आणि साहेबांकडे निघाले. जाताना मला हळूच सांगितलं, "ताई, ती वही तेवढी बाजूला ठेवा. मी आलोच."

हेडक्लार्क दारातच उभा राहिला. दात कोरत म्हणाला, "बाई, तुमचा हुकूम याच महिन्यात ना?" एवढंच. वही मी माझ्या हातांनी रद्दीच्या गाडीवर ठेवली.

अण्णा वही ठेवायची साहेबांची परवानगी घेऊन परत आले. रिकामी फळी बघितली, मग मला बघितलं. "चला," म्हणाले.

नव्या पेठेत रद्दीवाल्यानं वही केव्हाच फाडून भजीवाल्यांना वाटून टाकली होती. तीन संध्याकाळी आम्ही भज्यांच्या गाड्यांमागचा उकिरडा उपसला. तेलानं थबथबलेली, कुत्र्यांनी चाटलेली, चटणी वाळून खपली धरलेली पानं. मला उलटी झाली. अण्णा एकेक पान सोडवत होते, घरी नेऊन ज्वारीचं पीठ भुरभुरून तेल शोषून घेत होते. सात गावं सोडून सगळी सापडली. ती नव्या वहीत मी उतरवली.

"ह्या सात आकड्यांपुढं कोरी ओळ सोडा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, लोक शिव्या देतील."

"देऊ द्या. कोरं दिसलं तर कोण तरी गावात जाऊन इचारंल. अंदाजानं भरलं तर कोण इचारणार न्हाय, आन् एकाची जमीन दुसऱ्याला जाईल."

मग चौकशी झाली. वही गाडीवर कुणी ठेवली, असं साहेबांनी विचारलं. "मी," अण्णा म्हणाले. मी तिथेच हातभर अंतरावर उभी होते, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांची मोहोळला बदली झाली. माझा हुकूम निघाला.

महिन्याभरानं हेडक्लार्कनं नवी वही माझ्यापुढे टाकली. "साहेबांना पूर्ण यादी हवी. आसपासची कुठलीही सात गावं घाल. कोण बघतंय?" पेनही त्यानंच दिलं. "नाही घालत," मी म्हणाले. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. वही तशीच पुण्याला गेली. तिथून रागाचं पत्र आलं: ही सात गावं कुठली, माणूस पाठवून ताबडतोब विचारा.

ते सांगायला मी मोहोळला गेले. अण्णांचे डोळे हसले. "बघा, इचारलं की न्हाय?" त्यांच्या घरी चहा घेतला, तरी जे बोलायचं ते मी बोलले नाहीच. दोन वर्षांत ते गेले.

नरसय्याअण्णांच्या सर्व्हिस बुकात लिहिलेलं आहे की वही त्यांनी रद्दीत घातली. ती नोंद खोटी आहे. वही मी घातली.